घराबाहेरचा तास

माझा उजवा गुडघा जवळजवळ चार महिने दुखत होता. खुर्चीतून उठताना, जिना उतरताना, आणि व्यायामाच्या वर्गात बैठका काढताना तर हमखास. वर्ग ऑनलाइन होता. मॅडम जीव ओतून शिकवायच्या. "पाठ ताठ, गुडघा बाहेर" हे दर दोन मिनिटांनी सांगायच्या, आणि मी ते ऐकून मनापासून करायचे. फोन ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवलेला असायचा, त्यामुळे मी त्यांना दिसायचे ती कमरेपासून वर. पुढे त्याच मॅडमचा वर्ग हॉलमध्ये सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी रांगेमागून चालताना त्या माझ्यापाशी थांबल्या, खाली बसल्या आणि माझ्या पावलाच्या आतल्या बाजूला बोट लावून म्हणाल्या, "सगळा भार इथे टाकताय. पाऊल आत कलंडतंय, म्हणून गुडघा आत जातोय." त्यांनी माझ्या मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर, एक रबरी बँड अडकवला आणि बैठक काढताना तो सैल पडू द्यायचा नाही, एवढंच सांगितलं. महिन्याभराने जिना उतरताना कठडा धरावा लागेनासा झाला.

एका गुडघ्यावरून सगळ्या ऑनलाइन वर्गांचा निकाल लावता येत नाही, हे मला कळतं. मी स्वतः अडीच वर्षं ऑनलाइन वर्ग केला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला तेव्हा हॉल बंद झाले, बागा बंद झाल्या. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा त्या वर्षी थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. मधल्या सात महिन्यांत ज्या बायका घरात बसून खचल्या नाहीत, त्यांतल्या कितीतरी सकाळच्या त्या चाळीस मिनिटांमुळे तगल्या. चाळीसच, कारण झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची. शवासनात पडलेलं असताना मॅडमचा आवाज मध्येच तुटायचा आणि आम्ही आपापल्या घरात डोळे मिटून तशाच पडून राहायचो. ते दिवस मी विसरणार नाही.

पण ती आपत्कालीन सोय होती. आता संकट सरलं आहे आणि सोय मात्र मुक्कामाला राहिली आहे. 'घरबसल्या फिटनेस', 'खास चाळिशीनंतरच्या महिलांसाठी' अशा जाहिराती फोन उघडला की समोर येतात. कंपन्या बायकांच्या आरोग्यासाठी म्हणून ऑनलाइन वर्गांची वर्गणी देतात आणि आपलं काम झालं असं समजतात. माझं म्हणणं या पार्श्वभूमीवर आहे. चाळीस ते साठ या वयातल्या बाईसाठी व्यायामाचा मुख्य वर्ग प्रत्यक्षच असायला हवा, ऑनलाइन वर्गाने त्याला जोड द्यावी, त्याची जागा घेऊ नये. आणि असा वर्ग तिच्या पायी चालण्याच्या अंतरावर असणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे.

याच वयाबद्दल एवढं का बोलायचं? आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. इस्ट्रोजेन कमी झालं की पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने उतरते. स्नायूंची ताकद आधीपासूनच कमी होत असते. झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, मन कारण नसताना भरून येतं. या वयात व्यायाम हवा याबद्दल डॉक्टरांमध्ये दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. या दुसऱ्या भागाकडे आपल्या बायकांचं फारसं लक्षच जात नाही. चालायला जातात, योगासनं करतात, झुंबा करतात, वजन उचलायचं म्हटलं की "आता या वयात?" म्हणतात.

"दिवसभर मी उभीच असते, वेगळा व्यायाम कशाला?" हे वाक्य मी माझ्या आईकडून, सासूबाईंकडून आणि स्वतःच्या तोंडूनही ऐकलं आहे. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जगभरच्या हालचालींचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. या मोजणीत घरकामही धरलेलं असतं. म्हणजे दिवसभर राबूनही शरीराला हवं ते मिळत नाही. ओट्याशी वाकून उभं राहण्याने कंबर धरते, मांड्यांना बळ येत नाही.

आता सोयीकडे येते. ऑनलाइन वर्गाच्या बाजूने सगळ्यात आधी सांगितलं जातं ते हेच, की सोयीचा आहे. जायला-यायला वेळ लागत नाही, रिक्षाचे पैसे नाहीत, पावसाची भीती नाही. हे सगळं खरं आहे. मला फक्त विचारायचं आहे की ही सोय कोणाची?

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं उतरली, मधलं अंतर हललं नाही. असं घर मागे ठेवून जेव्हा बाई बैठकीच्या खोलीत चटई टाकते, तेव्हा ती वर्गात असते की घरात? माझ्या ऑनलाइन वर्गाचा एक साधा दिवस सांगते. सूर्यनमस्कार सुरू असताना दाराची बेल वाजली, दूधवाला. परत येऊन दोन घातले, तोवर सासऱ्यांनी आतून विचारलं, रक्तदाबाची गोळी घेतली का मी? उठून डबी बघितली. मग मुलाला निळा शर्ट सापडेना. यात कोणाचीच चूक नव्हती. मी समोर दिसत होते, म्हणून विचारत होते. त्या वर्गातली तीस मिनिटं माझ्या वाट्याला आली आणि त्या तिसांचेही तुकडे पडले.

"आई वर्गात आहे" आणि "आई घरी नाही" या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिल्या वाक्यानंतर हाक मारता येते. दुसऱ्यानंतर गोळीची डबी आपली आपण उघडावी लागते, शर्ट कपाटात शोधावा लागतो, आणि काही दिवसांनी तो सापडायलाही लागतो. आमच्या घरात हे घडायला दीड महिना लागला. म्हणून मला वाटतं की ऑनलाइन वर्गाची बरीचशी सोय ही घराची सोय आहे. बाईला तिचा तास मिळतो, पण घराला त्यासाठी काहीच हलवावं लागत नाही. आणि जो तास घराने मोकळा करून दिलेला नाही, तो पहिल्या अडचणीला जातो. पाहुणे आले की जातो, परीक्षा आली की जातो, दिवाळीच्या फराळात तर हटकून जातो.

शरीराच्या बाजूनेही ऑनलाइनला मर्यादा आहेत. फोनच्या कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते. पाठीला बाक आला की नाही ते बाजूने कळतं, गुडघा आत जातो की नाही ते समोरून, टाच उचलली जाते का ते मागून. वजन उचलताना बाईने श्वास रोखून धरला आहे हे तर जवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि रक्तदाब असलेल्या बाईसाठी ती गोष्ट छोटी नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने कमरेतून गोल वाकून पायाचे अंगठे धरू नयेत, मणक्यावर ताण येतो. हॉलमध्ये मॅडम तिला तिथल्या तिथे थांबवतात. पडद्यावरच्या पंचवीस चौकटींत ते कोण बघणार? शिवाय मॅडम म्हणतात उजवा हात आणि दिसतो डावा. आवाज मागेपुढे पोचतो म्हणून एकत्र टाळी वाजत नाही. सगळ्यांना म्यूट केलेलं असतं म्हणून आपण धापा टाकतोय हे कोणाला ऐकू येत नाही. वजनांचंही तसंच. घरी पाण्याच्या बाटलीने सुरुवात होते आणि वर्षभराने हातात तीच बाटली असते. हॉलमध्ये कोपऱ्यात दोन, तीन, पाच किलोची डंबेल्स ठेवलेली असतात. शेजारणीने तीनवरून पाचला हात घातला की आपलाही हात तिकडे जातो.

एक गोष्ट बायका सहसा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. उडी मारली, जोरात खोकलं किंवा हसलं की थोडी लघवी होणं, हे बाळंतपणं झालेल्या आणि पाळी थांबत आलेल्या कितीतरी बायकांच्या बाबतीत घडतं. व्यायाम सोडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते कोणी सांगत नाही, "वेळ मिळत नाही" असं सांगितलं जातं. ऑनलाइन वर्गात अशी बाई कॅमेरा बंद करते आणि उड्यांच्या वेळी नुसती उभी राहते. काही महिन्यांनी येणं बंद करते. आमच्या हॉलमध्ये एक जण अशीच दर वेळी उड्या सुरू झाल्या की पाणी प्यायला जायची. वर्ग सुटल्यावर चपला घालताना साठीच्या एका काकूंनी तिला हळूच विचारलं, "उडी मारली की होतं का गं? मलापण व्हायचं." दोघी मॅडमशी बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींसाठी उडीऐवजी पायरीवर चढ-उतार सुरू झाली, आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम सगळ्यांसाठीच. हे बोलणं चपला घालतानाच होऊ शकतं. ऑनलाइन वर्गाला चपला घालण्याची ती पाच मिनिटं नसतात. वर्ग संपला की पडदा काळा होतो आणि पुन्हा आपला ओटा.

त्याच हॉलमध्ये खिडकीजवळची जागा आणखी एका काकूंची ठरलेली होती. त्या सलग तीन दिवस आल्या नाहीत. रांगेतली ती जागा तशीच राहिली, तिथे कोणी चटई टाकली नाही. चौथ्या दिवशी दोघीजणी त्यांच्या घरी गेल्या. यजमानांचं अचानक ऑपरेशन झालं होतं आणि मुलगा परदेशात. पुढचे पंधरा दिवस दवाखान्यात डबा आळीपाळीने गेला. ऑनलाइन वर्गात एखादी आली नाही की उरलेल्या चौकटी आपोआप मोठ्या होतात आणि पडदा भरून जातो. रिकामी जागा दिसतच नाही.

तरीही ऑनलाइन वर्गच ज्यांना योग्य आहे अशा बायका आहेत आणि त्यांची संख्या लहान नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना "घराबाहेर पड" असं सांगणं सोपं आहे आणि निर्दय आहे. लहान गावात, जिथे बायकांसाठी वर्गच नाही, तिथे फोनवर का होईना, शिकवणारं कोणी मिळणं मोलाचं आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. उन्हाळ्यात आमचे सकाळचे सहा म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. ती आमच्या जुन्या ऑनलाइन वर्गाला अजून येते. तिच्या गावात उत्तम जिम आहे, पोहण्याचा तलाव आहे. ती म्हणते, "दिवसभरात कोणीतरी एक-दोन-तीन-चार मराठीत मोजतं, त्यासाठी मी येते." तिच्याकडून तो वर्ग काढून घ्यावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. आणि जी बाई आपल्या वजनाची लाज वाटून कोणत्याच वर्गाला जात नाही, तिने पहिले दोन महिने कॅमेरा बंद ठेवून घरी सुरुवात केली तर तेही चांगलंच. दोनच महिने मात्र. त्यापुढे लाज जाते ती दुसऱ्या बायकांची शरीरं बघून, कोणाचंच पोट सपाट नाही हे डोळ्यांनी पाहून.

मला एवढं समजतं की ज्या बाईने प्रत्यक्ष वर्गात निदान तीन-चार महिने काढले आहेत, जिच्या चुका कोणीतरी हाताने सुधारल्या आहेत, तिला नंतर ऑनलाइन वर्गाचा खूप उपयोग होतो. मुसळधार पावसात, प्रवासात, घरी लग्न असताना ती खंड पडू देत नाही. सुरुवातच ऑनलाइन झाली तर मात्र चुकीची सवय पक्की होते. माझी झाली होती.

आपल्याकडे बायकांचा एकत्र व्यायाम काही झुंबाबरोबर आलेला नाही. मंगळागौरीचे खेळ बघा. श्रावणाच्या आधी दीड-दोन महिने ठिकठिकाणच्या मंगळागौर गटांच्या तालमी सुरू होतात आणि त्यांत पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका मोठ्या संख्येने असतात. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाटा, गाठोडं. बसफुगडीत उकिडवं बसून उड्या मारायच्या तर मांड्यांत काय ताकद हवी, ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. साधी फुगडी घ्या. हातांची कात्री, पावलं जुळवलेली, आणि दोघीजणी मागे कलतात. माझा सगळा तोल तिच्या मनगटात आणि तिचा माझ्या. एकीने हात सोडला तर दोघी पडणार. वय वाढेल तसा तोल जातो आणि पडून हाड मोडण्याची भीती वाढते, म्हणून तोलाचा व्यायाम हवा असं आता सगळे तज्ज्ञ सांगतात. तो आपल्या आज्या दर श्रावणात करत होत्या, आणि तो एकटीने करण्याजोगा नव्हता.

प्रत्यक्ष शिकवण्याची परंपराही आपल्या राज्याइतकी समृद्ध क्वचित कुठे असेल. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ सालचं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ पासून आहे. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घोंगड्या यांचा आधार देऊन कडक झालेल्या सांध्यांनाही आसनात नेता येतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ तर कित्येक दशकं विनामूल्य वर्ग चालवत आलं आहे. या सगळ्यांना लागलं काय? एक स्वच्छ खोली, चार सतरंज्या आणि शिकवणारं माणूस.

खोलीपाशीच गाडी अडते. राज्यातल्या अनेक शहरांत बऱ्याच सार्वजनिक बागा पहाटे उघडतात, दहा-अकराला बंद होतात आणि दुपारी चारनंतर पुन्हा उघडतात. म्हणजे डबे, शाळा, ऑफिसं मार्गी लावून मधल्या वयाची बाई अकरा वाजता मोकळी होते तेव्हा बागेला कुलूप. बागांमध्ये ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवली गेली. त्यांचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. ती यंत्रं वापरायची कशी हे सांगायला मात्र कोणी नसतं, आणि दोन पावसाळ्यांत सांधे गंजतात. तेच पैसे आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या प्रशिक्षिकेच्या मानधनाला दिले असते तर? पालिकांच्या शाळांची सभागृहं, समाजमंदिरं दिवसाचे कित्येक तास बंद असतात. त्यातून एखादा हॉल मिळालाच तर तिथे स्वच्छतागृह नसतं, किंवा असलं तर कडी नसते, दिवा नसतो. ज्या वयाबद्दल आपण बोलतोय त्या वयात कितीतरी जणींना तासाभरात एकदा जावं लागतं, आणि ते नाही म्हणून वर्ग सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

मला भीती वाटते ती याचीच. ऑनलाइन वर्ग स्वस्त आहे, त्याला जागा लागत नाही, दिवा लागत नाही, संडास लागत नाही. त्यामुळे तो आहे म्हटल्यावर या मागण्या करणंच बंद होईल. "घरी बसून करा ना, सगळ्या करतात." पण सगळ्या करत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. त्यानंतर फोन खूप पसरले हे खरं, पण फोन घरात असणं आणि सकाळी तासभर तो बाईच्या हातात असणं यात अंतर आहे. आमच्या वर्गाला चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एक ताई येतात. खांदे आखडले होते, हात डोक्यावर जात नव्हता. त्यांचा फोन दिवसभर मुलाकडे असतो, तो त्यावर डिलिव्हरीचं काम करतो. त्यांना ऑनलाइन वर्गाची लिंक कुठे पाठवणार?

आमचा सध्याचा हॉल भाड्याचा आहे आणि भाडं पुन्हा वाढतंय. समोरच, रस्ता ओलांडला की, एक सार्वजनिक सभागृह आहे; सकाळी साडेदहा ते चार त्याला कुलूप असतं. आम्ही एक्केचाळीस जणींनी सह्या करून अर्ज दिला आहे. मागितलं आहे ते असं: मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी अकरा ते साडेबारा हॉलची किल्ली, स्वच्छतागृहात दिवा आणि आतून कडी, आणि वजनं ठेवायला एक कपाट, त्याचं कुलूप आमचं आम्ही आणू. स्वयंपाकाच्या ताईंनी सही करायला खांदा पूर्ण उचलून दाखवला होता. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सोमवारी सहाजणी पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.